निळीत खंगाळलेली साडी

पुंडलिकनगरात रत्नमालाचा राग सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी उशिरा सोडणाऱ्यापासून गल्लीत गाडी आडवी लावणाऱ्यापर्यंत कुणाचीच ती गय करत नाही. पण संगणकासमोर बसल्यावर तिचं डोकं जसं तापतं, त्यापुढं हे काहीच नाही. गुलमंडीत सुदर्शनचा स्टुडिओ आहे, तिथं ती लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. लोक नाचून, जेवून घरी जातात आणि मग आठवडेच्या आठवडे त्यांची तोंडं बघत बसायचं हिनं.

तिचा सगळ्यात जुना वैरी म्हणजे ड्रॉपर. हॉलमधले दिवे हिरवे-जांभळे, प्रत्येक कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी; ते रंग ताळ्यावर आणायला सॉफ्टवेअरमध्ये हे हत्यार दिलेलं असतं. चित्रातल्या एखाद्या पांढऱ्या वस्तूवर ते टेकवायचं, म्हणजे सॉफ्टवेअर तेवढं पांढरं धरतं आणि बाकीचे रंग त्या मानानं सावरून घेतं. ऐकायला किती सोपं. पण हा मेला ड्रॉपर उचलतो एकच ठिपका, सुईच्या टोकाएवढा. शेजारच्या ठिपक्यात काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जरा मोठा तुकडा घेऊन त्याची सरासरी काढा की, एवढं साधं म्हणणं रत्नमालानं कंपनीला कितीदा तरी कळवलं. दर वेळी उत्तर एकच, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. आभार काय चाटायचेत, असं म्हणून ती पुन्हा कामाला लागायची.

अशात संघमित्राच्या लग्नाचं काम आलं. बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळं नवरा-नवरी पांढऱ्यात. रत्नमालाला अशी लग्नं आवडतात. एक तर ती आपल्यातलीच, शिवाय ड्रॉपर टेकवायला पांढरं शोधत फिरावं लागत नाही. गाणी निवडायला संघमित्रा आई केसरबाईंना घेऊन स्टुडिओत आली होती. सावळी, उंच, बोलायला मोकळी. निघताना म्हणाली, "ताई, पार्लरवालीनं लई मेकअप थापायचा प्रयत्न केला, मी नाय म्हणाले. तुम्ही पण माझा चेहरा माझाच ठेवा. रविवारी सासरी सगळी भावकी बघणार हाय." रत्नमाला म्हणाली, ठेवते. तिनं शब्द दिला म्हणजे दिला.

आणि पहिल्याच दिवशी सगळं बिघडलं. साडीवर ड्रॉपर टेकवला, तर अख्खा मंडप पिवळा. भन्तेजींपासून पंगतीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना हळद लागल्यागत. जरा बाजूला टेकवला, तर ठीक. अजून बाजूला, परत पिवळा. रत्नमालाला वाटलं, कॅमेराच गेला. तिनं साडी मोठी करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. साडी निळीत खंगाळलेली होती. घाईत नीळ नीट विरघळली नव्हती, घडीघडीत निळसर ढग बसले होते. डोळ्याला पांढरीशुभ्र, पण ड्रॉपर नेमका ढगात पडला की त्या निळ्यालाच पांढरं समजायचा आणि सगळ्या चित्रातला निळा काढून घ्यायचा. पांढऱ्या कपड्याला नीळ देणारी माणसं जगात आहेत, हे ते हत्यार बनवणाऱ्याच्या गावीही नसणार. तळहाताएवढा तुकडा मोजला असता, तर ढग आणि पांढरं मिळून बरोबर उत्तर आलं असतं. हेच तर ती बोंबलून सांगत होती.

नेमकं त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर नवं झालं. रत्नमालानं आशेनं उघडलं. सरासरीचं नावही नव्हतं. वर 'हुशार ड्रॉपर' आला होता. तो म्हणे चेहरा आपणहून ओळखतो आणि त्वचेचा 'योग्य' रंग देतो. तिनं संघमित्राच्या गालावर टेकवून पाहिला. पोरगी गोरी, गुलाबी, दुधात बुडवून काढल्यासारखी. रत्नमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. योग्य म्हणजे काय? कुणी ठरवलं? तिनं ते सगळं मोडून टाकलं आणि ठिकठिकाणी ड्रॉपर टेकवत हातानं काम सुरू केलं.

पण सुदर्शनला धीर कुठला. ती जेवायला गेली, तेवढ्यात त्यानं हुशार ड्रॉपर फिरवला आणि नमुना केसरबाईंच्या फोनवर पाठवून दिला.

"सुदर्शनभाऊ, कुणाला विचारून?"

"रत्नाताई, नवरी गोरी दिसली म्हणून कुणी भांडायला आलंय का आजवर? उलट खूश होतात लोक."

"तिनं मला सांगितलं होतं."

"तोंडावर सगळ्या तसंच सांगतात हो."

रत्नमालाला राग इतका आला होता, की पुढं बोलली असती तर नोकरीच सोडावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसरबाई एकट्याच आल्या. जय भीम झाला, पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. मोठ्या पडद्यावर दाखव म्हणाल्या. सुदर्शननं मोठ्या हौसेनं लावलं. वरमाला झाली, नवरी हसली. केसरबाई पुढं सरकून बघत राहिल्या. मग पदराकडं बोट केलं.

"हा निळीचा ढग माझ्या हातचा. माझ्या लग्नातली साडी हाय ही, मीच खंगाळली." मग सुदर्शनकडं वळल्या. "साडी तर माझीच हाय, दादा. पोरगी कुणाची आणली?"

सुदर्शननं माउस खाली ठेवला.

रत्नमालानं खुर्ची ओढली, हुशार ड्रॉपर बंद केला आणि खिडकीचा पडदा सारून दिवसाचा उजेड आत घेतला. "मावशी, हात द्या तुमचा." केसरबाईंचा हात तिनं संगणकाच्या मोठ्या पडद्याच्या कडेला, संघमित्राच्या चेहऱ्याशेजारी धरला. रंग मोजायची ही रीत कुठल्याही पुस्तकात बसत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बसू नये तर न बसो. कंपनीनं या हाताएवढा तुकडा मोजायची सोय केली असती, तर या बाईला उन्हातान्हात आपली लेक शोधत यावं लागलं नसतं. ती एकेक रंग हलवत गेली. गुलाबी उतरला, दुधाळपणा गेला, खालून सावळा वर आला.

केसरबाई मधेच म्हणाल्या, "थांब. माझ्यापेक्षा ती जराशी उजळ हाय. बापावर गेलीय."

रत्नमालानं तेवढं उजळलं.

"व्हय," केसरबाई म्हणाल्या. "ही आमची." आणि मग त्या पाणी प्यायल्या.