खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे

"अहो, ही झोपली की काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी सहा वर्षांची पोरगी, घरात खिडकीच्या गजांना लोंबकळणारी, खुर्चीतच कलंडलेली. हातातले लाकडी ठोकळे धडाधड खाली पडले, तरी डोळा उघडला नाही.

"घरून काही देऊन आणलंत का हिला?"

"नाय ओ बाई. दमलीय. कळव्याहून चालत आलो ना, पुलावरून."

खोटं. रिक्षाने आलेलो. आणि निघताना मी तिला खोकल्याचं औषध पाजलेलं, दोन चमचे. कुणाचं लग्न असलं की सासूच सांगायची, "पाज गं, नायतर मांडव खाली आणील तुझी ही माकडीण." ते प्यायली की पोर पडून राहायची.

तपासणी म्हणजे काय, मला काय ठाऊक? माझी शाळा सातवीत सुटलेली. तिच्या शाळेतल्या बाई म्हणालेल्या, "एका जागी बसत नाही, पोरांना चावते. डॉक्टरांना दाखवून कागद आणा, नाहीतर दिवाळीनंतर ठेवणार नाही." मला वाटलं, परीक्षा आहे. गप्प बसली की पास.

डॉक्टरीणबाई मलाच विचारायला लागल्या. जेवताना उठते का? सांगितलेलं ऐकते का? मारते का? मी आपली सगळ्याला चांगलंच सांगत सुटले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नक्की?"

"नक्की."

कागदावर लिहून दिलं, आज तरी काही दिसत नाही, महिन्याने परत आणा. मी तो घेऊन धावत शाळेत. बाईंनी पहिलीच ओळ वाचली.

"म्हणजे आजार नाही. वाह्यातपणा आहे. मुलीच्या जातीला एवढं लाडावतात का?"

आणि दिवाळीनंतर दाखलाच हातात दिला. दुसऱ्या दोन शाळांनी तो बघून दारातूनच परत लावलं.

महिना कधीच उलटला. दोनदा तिला घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. आत जायचं तर खरं सांगायचं, पोरीला गुंगीचं पाजून आणलेली म्हणून. त्या कुणाला बोलावतील, पोरच काढून घेतील माझ्याकडून, असलं काय काय मनात येतं. पाय उचलत नाही.

पोरगी रोज सकाळी दप्तर अडकवून दारात उभी. "आई, मी तर तिथे गप्प बसलेली ना गं?"

तुम्ही असता तर गेला असता का हो, त्या फाटकातून आत?