वैद्यबुवांनी चाखलेले आवळे

आवळ्याचं कुणी कौतुक करू लागलं की माझं डोकं अजून तापतं. आवळ्यावर माझा राग नाही. राग आहे तो चाखणाऱ्यांवर.

एकोणीसशे तीसच्या दशकात मी नाशकात भद्रकालीच्या बाजारात फळं विकत असे. वाडवडिलांचं काही नव्हतं. डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली आणि घासाघिशीत कुणाला हार गेलो नाही. हिवाळा लागला की पेठ गावाकडच्या डोंगरातून रानआवळे यायचे. गोटीएवढे, पिवळट हिरवे. दाताखाली धरला की कचकन फुटायचा. आधी तुरटपणानं जीभ आखडायची, मग आंबट कळ कानशिलापर्यंत जायची, आणि चोथ्याचे दोरे दातांत अडकून बसायचे ते वेगळेच. बागेतला आवळा मोठा, गुळगुळीत आणि पाणचट. दिसायला देखणा, एवढंच.

पंचवटीत एक वैद्यबुवा होते. दर हिवाळ्यात त्यांच्याकडे च्यवनप्राश व्हायचा आणि त्याला गोण्यांनी आवळे लागायचे. ते गिऱ्हाईक लागलं असतं तर हिवाळाभर बाजारात घसा फोडायची माझी गरज संपली असती. म्हणून एका सकाळी मी टांग्यात गोणी टाकून त्यांच्या ओसरीवर हजर झालो. तिथे एक बागवाला व्यापारी आपली टोपली घेऊन आधीच बसलेला. मी जाताच तो उठून मला जागा देत म्हणाला, "या शेठ, आधी बुवांना तुमचा आवळा चाखू द्या. आम्ही थांबतो."

त्याच्या अदबीनं मी फुगलो. वैद्यबुवांनी माझा आवळा चावला, डोळे मिटले, चेहरा वाकडा केला. मग तांब्याभर पाणी प्यायले आणि त्याचा मोठा आवळा तोंडात टाकला.

"वा! हा गोड आहे हो!"

मी उसळलोच. "वैद्यबुवा, आवळ्यावर पाणी प्यालं की तोंड गोड होतं, हे शेंबडं पोरही सांगेल! ती गोडी माझ्या आवळ्याची. ह्यांचा आवळा नुसता तिच्यावर बसलाय!"

"पित्त फार दिसतं तुम्हाला," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. "रोज सकाळी एक आवळा खात जा."

"कुणाचा खाऊ? माझा की ह्यांचा?"

बागवाला तोंड फिरवून हसला. मी हटून बसलो: उद्या पुन्हा चाखा, आणि आधी त्याचा, मग माझा. वैद्यबुवांनी मान डोलावली. मी घरी गेलो तो जिंकल्यासारखाच.

दुसऱ्या सकाळी त्यांनी आधी बागेतला आवळा खाल्ला, पाणी प्यायले, मग माझा. मी गोणीला टेकून उभा.

"हाही गोडच लागतो की!"

"बघा!" मी म्हणालो.

"बघितलं. म्हणजे दोन्ही सारखेच. मग ह्यांचे मोठे बरे. शिजवून बिया काढायला सोपे जातात."

माझ्याच हट्टानं केलेल्या परीक्षेत मी नापास! ह्या माणसाकडून अर्धं नाशिक नाडी बघून घेत होतं, आणि ह्याला स्वतःच्या जिभेवरची चव कळत नव्हती. बागवाला टोपली आत नेऊ लागला. मी गोणीचं तोंड इतक्या जोरात आवळलं की सुतळी तुटली.

तेवढ्यात वैद्यबुवांच्या पत्नी दारात आल्या. "अहो, जाऊ नका. मला लोणच्याला तुमचेच हवेत. ते मोठे मिठात लिबलिबीत होतात. पायलीभर द्या."

एका पायलीनं माझं काय होणार होतं? चिडून मी बाजारापेक्षा चढा भाव सांगितला. म्हटलं, आता बाई घासाघीस करतील, मी अडून बसेन, निदान कुणाशी तरी मनसोक्त भांडता येईल.

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी पैसे पुढे केले.

वैद्यबुवांच्या ओसरीवर मला धड भांडायलाही कुणी मिळालं नाही. पायली मापून दिली, गोणी खांद्यावर घेतली आणि पुन्हा ओरडायला बाजाराकडे निघालो.