मागची डावी काच

आई गेल्यानंतर मला पहिल्यांदा काही वाटलं ते गाडीच्या बंपरवरचा ओरखडा बघून. संताप आला. त्याआधी काहीच आलं नव्हतं. स्मशानात बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता ही रडेल, मग रडेल, आणि मी गाडी कुणाच्या गेटसमोर तर लावली नाही ना, या विचारात होते. दहावा, तेरावा, आल्यागेल्याचा चहा हे सगळं मी कंपनीतलं ऑडिट उरकावं तसं उरकून टाकलं. एकुलती एक मुलगी, धीराची आहे हो, असं लोक म्हणाले. धीर कसला, आत सगळा शुकशुकाट होता.

मी आणि नवरा चऱ्होलीत एका नव्या सोसायटीत राहतो. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे आणि जाते-येते कंपनीच्या बसनं. गाडी खरं तर आईसाठीच होती. तिच्या डायलिसिसच्या दिवशी मी सुट्टी नाहीतर शिफ्ट बदलून घ्यायची आणि तिला आणि आप्पांना, माझ्या वडिलांना, गावाहून घेऊन दवाखान्यात जायची. मी पुढे, ती दोघं मागे. आईला गाडी लागायची, म्हणून तिच्या बाजूची, मागची डावी काच कायम खाली. मी एसी लावलेला आणि शेजारून ट्रकचा धूर आत. आप्पा दर सिग्नलला तिला विचारायचे, "काच वर घेऊ का?"

आई म्हणायची, "ऱ्हाऊ द्या वाईच."

मी पुढून करवादायची, की एक तर एसी बंद करा नाहीतर काच. दोघंही ऐकायची नाहीत.

ती गेल्यावर चाकणजवळच्या गावातलं घर बंद करून आम्ही आप्पांना इकडे आणलं. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस सोफ्याच्या कडेला टेकून बसायला लागला. जावयाच्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. नवरा म्हणायचा, "आप्पा, तुमचंच घर आहे." ते "व्हय व्हय" म्हणायचे आणि आणखी अंग चोरायचे. नवरा ऑफिसला, मी कंपनीत, मग दिवसभर ते एकटेच. काय करतात, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात तेव्हा फक्त ओरखडा होता.

तो काढणाऱ्याला पकडायचंच म्हणून मी गाडीत डॅशकॅम बसवून घेतला. गाडी बंद करून पार्किंगमध्ये लावली तरी चालू राहणारा. फ्यूजबॉक्समधून वायर ओढली होती आणि मध्ये एक डबी होती. बॅटरी फार खाली आली की ती डबी कॅमेऱ्याची वीज तोडते, म्हणजे गाडी सुरू व्हायला अडचण नाही. निदान सांगितलं तरी तसं होतं.

आठवडा झाला नाही तोच गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टक्टक्. शेजाऱ्याच्या गाडीला वायरी जोडून सुरू केली, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. कॅमेरावाला म्हणाला, बॅटरी म्हातारी झालीय. नवी बॅटरी टाकली. तीही बसली तेव्हा बॅटरीवाला म्हणाला, "मॅडम, तो कॅमेरा काढा आधी, तोच पितोय सगळं." भोसरीतल्या इलेक्ट्रिशियननं डबीचं सेटिंग बदललं, म्हणजे कॅमेरा आणखी लवकर बंद पडेल असं केलं, आणि "आता बिनधास्त राहा" म्हणून सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा टक्टक्. मी त्याला फोनवर वाट्टेल ते बोलले. इतकं तोंडसुख घेणारी मी कधी नव्हते.

शेवटी नवरा वैतागला. जेवताना म्हणाला, "एक्सचेंजला देऊन टाकू. नाहीतरी आता गाडी लागते कुठे?"

"दे," मी म्हणाले. मला काही वाटलं नाही.

आप्पांचा भाकरी मोडणारा हात थांबला. "कवा न्हेणार?"

"शनिवारी माणूस बघायला येईल."

"बरं," ते म्हणाले आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. भाजीत मीठ जास्त पडलं असेल, असं मला वाटलं.

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी. गाडी जायच्या आधी ओरखडेवाला शोधायचाच, या हट्टानं मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. बहुतेक फाइली काही सेकंदांच्या, कुणी जवळून गेलं की सुरू होणाऱ्या. पण दुपारच्या काही फाइली लांबलचक होत्या. अशा सलग फाइली चावी फिरवलेली असली तरच बनतात, आणि दुपारी तर मी कंपनीत.

चित्रात काहीच नव्हतं. समोरचा पार्किंगचा खांब, त्यावर आमच्या फ्लॅटचा नंबर आणि शेजाऱ्याच्या स्कूटरचं मागचं चाक. पण आवाज होता. पुढचं दार उघडलं, चावी फिरली, दार लागलं. मग मागचं दार उघडून लागलं. मग काच खाली जायला लागली आणि अर्ध्यात कुईं करून वाजली. अर्ध्यात वाजणारी काच आमच्या गाडीत एकच आहे, मागची डावी. ती चावी फिरवल्याशिवाय हलत नाही, म्हणून आप्पांनी चावी फिरवली होती. आणि काच परत वर घ्यायची असते, म्हणून तशीच फिरवलेली ठेवली होती.

त्यानंतर बराच वेळ काही नाही. मी फाइल पुढे ढकलली नाही, खांबाकडे बघत बसले. आप्पांचा एक खोकला आला. मग त्यांचा आवाज, अगदी नेहमीसारखा.

"काच वर घेऊ का?"

आणि ते थांबले. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबले, आणि काच वर घेतली नाही. ती वर गेली ते फार उशिरा, फाइल संपता संपता.

आता रडू येईल, असं मला वाटलं. नाही आलं. मी आदल्या दिवशीची फाइल लावली, मग त्याच्या आदल्या दिवशीची. रोज तेच. वाईट वाटण्याऐवजी मला आप्पांचा हेवा वाटला. त्यांना विचारायला कुणीतरी होतं.

संध्याकाळी मी गाडी बघायला येणाऱ्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. नवऱ्यालाही सांगितलं, गाडी द्यायची नाही, बॅटरी का उतरते ते कळलंय.

"का?"

"चावी फिरवलेली राहते."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून," मी म्हणाले. मी आठवडाभर बसनं जाते, हे त्याला माहीत आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि "बरं, राहू दे गाडी" म्हणाला.

कॅमेऱ्याचा माइक मी बंद करून टाकला. खांब काय दिसायचा तो दिसू दे. आप्पांना काही बोलले नाही, बोलले असते तर ते खाली जायचेच बंद झाले असते. जेवताना नुसतं सांगितलं की गाडी राहणार. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. तेव्हापासून बसमधून उतरले की मी वर न जाता गाडी काढते आणि आळंदीच्या रस्त्याला एक मोठी चक्कर मारून येते. चालवल्याशिवाय बॅटरी भरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काच खाली जायला हवी.

पुढच्या गुरुवारी गावातलं घर झाडायला आम्ही दोघंच निघालो. आप्पा मागे बसले, उजवीकडे, आपल्या जागेवर. पुढे बसा, असं मी म्हणाले नाही. चाकणचा रस्ता लागल्यावर माझ्या दारावरच्या बटणानं मी मागची डावी काच खाली घेतली. ती अर्ध्यात वाजली. आरशात आप्पा दचकलेले दिसले. मग ते रस्त्याकडे बघायला लागले.

शेजारून कंटेनर गेला आणि धुरळा सगळा आत आला, माझ्या मानेवर, आई असताना यायचा तसाच. माझा हात आपसूक बटणावर गेला.

"काच वर घेऊ का?" मी विचारलं.

आरशात आप्पांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे वाईच."

मला गाडी कडेला घ्यावी लागली.