शिवकन्येनं नाव न घालता लिहिलं

नेकनूरच्या किराणावाल्या गुरुपादअप्पांची शिवकन्या बोलायला गोगलगाय, पण लिहायला बसली की बोटांना मिरची लागल्यागत. रोज एसटीनं बीडला जाऊन टायपिंग क्लासात शिकवायची. त्या नोकरीवर बाईचा भारी जीव.

साल दोन हजार तीन. गल्लोगल्ली नेट कॅफे निघालेले, चुलतभाऊ वीरेशचाबी बीडात एक. त्यानं समाजाची साईट काढली, कुणीबी यावं आन् मनातलं लिहावं. वर मासिकासोबत आलेल्या सीडीतला एक निराळाच ब्राउझर कोपऱ्यातल्या मशीनवर टाकला.

"ताई, ह्यो लई फास्ट हाय. ही मशीन तुझी. दुसऱ्या कुणाला बसू देणार न्हाई."

ताई हुरळली. हुरळणार न्हाई तर काय, कुणाचा भाऊ राखीला साडी देतो, हिच्यानं कंप्युटर दिला.

तेवढ्यात चकलांब्याचं स्थळ आलं, सोमेश्वर. बापाची स्वतःची शाळा. त्याची आई नीलाबाई पोहे खाता खाता म्हणली, "नोकरी तर सोडावीच लागंल." शिवकन्येनं चहाचा ट्रे पुढं केला.

दुसऱ्या दिवशी वीरेशला विचारलं, "साईटवर लिवलं तर नाव कळतं का रे?"

"तू टाकलं न्हाईस तर देवालाबी कळायचं न्हाई."

मग काय, बसली कोपऱ्यात आन् ठोकून दिलं: सून आणायची का मोलकरीण, आधी ठरवा. नोकरी सोडवायची हौसच असंल तर पोराची सोडवा.

आठव्या दिवशी नीलाबाई तोच मजकूर छापलेला कागद घेऊन दारात. "हे तू लिवलंस?"

"समाजात पोरी काय मी एकटीच हाय?"

"पोरी पन्नास. पण हा ब्राउझर का काय तो, आख्ख्या बीडात एकाच मशीनवर हाय म्हणं. आन् तिथं बसतीस तू. वीरेशच म्हणला."

आता बघा, ब्राउझर कुठल्याबी साईटच्या दारात गेला की कुणी न विचारता सांगून टाकतो: मी अमका, माझी मशीन तमकी. साईटवाल्याकडं ते नोंदलं जातं. सगळ्यांचा सारखा असला तर गर्दीत खपतं. हिचा एकटीचा निराळा. तोंडावर पदर घेतला, पण लुगडं गावात एकच.

"चूक कबूल कर, नोकरी सोड. मंग बघू," नीलाबाई म्हणली.

"लिवलंय मीच. नोकरी सोडत न्हाई."

स्थळ मोडलं. त्याचं तिला एवढं लागलं न्हाई. तडक कॅफेत गेली.

"कावून सांगितलंस रे वीरेश?"

तो मान वर करंना. "मी तुझं नाव कुठं सांगितलं, ताई? मशीन सांगितली. त्यांच्या शाळेत दहा कंप्युटर बसवायचेत मला."

ती तशीच बाहेर पडली. स्टँडजवळच्या दुसऱ्या कॅफेत जाऊन चारचौघांसारख्या मशीनवर बसली. तेच पुन्हा लिवलं आन् खाली घातलं: शिवकन्या गुरुपाद, नेकनूर.

सकाळी बघितलं तर मजकूर गायब. आन् साईटवरचं काढून टाकायची सोय एकट्या वीरेशपाशी होती.