संध्याकाळी एक डबी लपवायची

आमचे हे फौजेत होते, पण कुत्र्यांकडं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांचे नवरे तोफा चालवायचे, माझा नवरा कुत्रीचे केस विंचरायचा. शिनोलीला माहेरी गेले आणि कुणी विचारलं, की "त्यांची पेशल डूटी हाये" एवढं बोलून मी पदर सारखा करायचे. अशी मी शहाणी.

ती कुत्री त्यांच्याकडं आली पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला. पुढची सात-आठ वर्षं बोरीला, सासरी, येणाऱ्या पत्रांत तीच. आंतर्देशीय पत्राला लिहायला जागा ती केवढी, त्यातली निम्म्याहून जास्त तिला. बर्फानं तिचा पंजा फुटला. रस्त्यात पुरलेला बॉम्ब तिनं वासावर हुडकला आणि त्याच्यापुढं गप बसून राहिली, मागून येणारी गाडी वाचली. मग उरल्या जागेत मुलं, सासूबाई, कांदा. मी अगदी शेवटी, 'तू बरी असशील' एवढी.

एकदा मी चिडून लिहिलं, 'मलापण गळ्यात पट्टा घालून तिकडं न्या.' त्यांचं उत्तर आलं, की पट्टा घातला की तिला कळतं, काम सुरू झालं. काढला की खेळ. माझी थट्टा त्यांना समजलीच नव्हती, आणि मी वर महिनाभर फुगून बसले.

एका सुट्टीत ओट्यावर शेंगा फोडताना ते म्हणाले, "दिवसभर हुडकून काय घावलं न्हाई, की कुत्रं मनानं खचतं. मग दुसऱ्या दिवशी नाक चालवत न्हाई. म्हणून सांच्याला आपणच कायतरी लपवायचं, तिला हुडकू द्यायचं, शाबास म्हणायचं."

"म्हंजी फसवायचंच की."

"फसवायचं न्हाई. तिचा दिवस रिकामा जाऊ द्यायचा न्हाई."

मी हसले. माझ्या मेलीच्या दिवसांची कुणी अशी काळजी केली नव्हती.

मग एक पत्र आलं, चारच ओळींचं. ती थकली आहे, मागचे पाय उचलत नाहीत. घरी आणता येईल का ते विचारतो. तुझं काय म्हणणं?

तेव्हा आमच्याकडं उसात बिबट्याचा वावर वाढला होता. वस्तीवरची तीन कुत्री त्यानं नेली होती. लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधायला लागले होते. मी लिहिलं, 'आणू नका, बिबट्या नेईल. आणि माझ्याच्यानं कुत्रीची उस्तवार व्हायची नाही.' बिबट्या निमित्ताला होता. दुसरं वाक्य मनातलं. त्या काळी थकलेलं कुत्रं घरी द्यायची रीतच नव्हती, दवाखान्यात सुई देऊन कायमचं निजवायचे, माझ्या हो-नाहीनं काही बदलणार नव्हतं, हे मला फार पुढं कळलं. पण पत्र त्यांनी वाचलं होतंच.

काही महिन्यांनी ते पेन्शनीवर आले. एक ट्रंक, एक वळकटी आणि तिचा पट्टा. पट्टा त्यांनी दारामागच्या खिळ्याला अडकवला.

"आन् ती?" मी विचारलं.

"दवाखान्यात सोडून आलो."

सायकल पंक्चरला टाकून आल्यासारखं बोलले. आणि मी, दोन पोरांची आई, विचारते कशी, "बरी झाल्यावर आणायची का?"

"न्हाई," म्हणाले, आणि चहा मागितला.

त्यानंतर ते बाजेवर बसले ते बसलेच. दारू नाही, रडणं नाही. चहा पुढं ठेवला तर साय धरेपर्यंत तसाच. रोपं लावायला बायका यायच्या, मोटर बंद पडायची, ते नुसते बघायचे. मीही दूध काढत होते, भाकरी थापत होते, कशाची चव लागत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो असाच ऱ्हातोय बघ आता." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एक दिवस त्यांची तंबाखूची डबी खरंच हरवली. माझ्याच धक्क्यानं ज्वारीच्या कणगीमागं पडली होती. ते उठले. दारात उभं राहून वारं कुठून येतंय ते पाहिलं. मग डाव्या भिंतीनं एकेक कोपरा घेत, काही न सोडता, कणगीपर्यंत आले. डबी काढली, आणि त्या दिवशी चहा गरम असताना प्यायले.

दुसऱ्या दिवशी डबी मी लपवली.

मग रोज. कांद्याच्या चाळीत, म्हशीच्या गव्हाणीत, सासूबाईंच्या उशाखाली. शेजारचे दीर जाता-येता विचारायचे, "काय फौजी, आज काय हरावलं?"

"डबी."

"वहिनी हायेत ना जाग्यावर? न्हाईतर त्यांनाबी हुडकावं लागायचं."

डबी सापडली की मी आतून "शाबास" म्हणायचे, पण भांडी वाजवत, ऐकू जाणार नाही असं. केवढी हुशार मी! दीड-दोन महिन्यांत ते मोटर बघायला जाऊ लागले. मला वाटलं, सगळी माझीच कमाल.

एका संध्याकाळी पाव्हणे आले आणि लपवायचं राहून गेलं. पाव्हणे गेल्यावर मी पीठ मळायला बसले. डबी कोनाड्यात, समोर. हे तिच्यापुढं उभे राहिले, हात लावला नाही.

"आज लपवली न्हाईस?"

माझे हात परातीतच राहिले. "तुमाला ठावं व्हतं?"

"दुसऱ्या दिवसापास्नं. पयल्या दिवशी खरीच हरावली व्हती."

"अवो, मग घरभर हुडकत कशाला फिरायचात?"

ते पट्ट्याच्या खिळ्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही. "तूबी खचली व्हतीस की. तुझा दिवस रिकामा जायला नको, म्हणून."

मी उठले, पिठाच्या हातानं डबी घेतली आणि म्हणाले, "तिकडं तोंड करा."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी डबी भाकरीच्या टोपलीखाली सारली. कोनाड्यापासून टोपलीपर्यंत पीठ सांडलं होतं. तरी त्यांनी दारापासून सुरुवात केली.