चादरीखालचा लाल उजेड

“उन्हात कुटं बसवलं, मॅडम? चादरीखाली बसवलं की,” सिद्रामप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. दोन्ही गालांवर तपकिरी-काळे डाग पसरले होते, नाकाचा शेंडा करपल्यासारखा झाला होता. पंधरवड्यापूर्वी हाच चेहरा माझ्या क्लिनिकमधून जरा लालसर, पण एकही डाग नसलेला असा बाहेर पडला होता. मी स्वतः आरशात दाखवून पाठवला होता.

मी कातडीची डॉक्टर. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं क्लिनिक आहे. नायटा, खरूज, कोड, केस गळणं, हा माझा रोजचा संसार. अलीकडे चेहरा गुळगुळीत करून मागणारे वाढलेत. त्यांचं मी करते, पण मनातून कुरकुरत करते, कारण खरुजेचा पेशंट सांगितलेलं ऐकतो आणि चेहऱ्याचा पेशंट घरी जाऊन स्वतःचं डोकं चालवतो.

ही मुलगी, सुवर्णा, सोलापूरजवळच्या मंद्रूपची. वडिलांचं तिथल्या बाजारात चादरी-टॉवेलचं दुकान. कॉलेजात असताना तिला भयंकर पिंपल्स आले. ते गेले, पण गालांवर खड्डे ठेवून गेले. आधी ती स्कार्फ गुंडाळायची. मग कोरोना आला आणि तिला मास्क सापडला. कोरोना गेला, मास्क राहिला. जेवतानासुद्धा ती भिंतीकडे तोंड करून बसते, असं तिच्या आईने मला सांगितलं होतं. पोरगी बीएस्सी, बीएड. एका शाळेतली नोकरी तिने मास्कपायीच सोडली होती. आता सोलापूरच्या एका शाळेत विज्ञानाची जागा मिळाली होती, जूनपासून. हेडमास्तरांनी इंटरव्ह्यूतच सांगून टाकलं होतं की वर्गात मास्क चालणार नाही, मुलांना शिकवलेलं नीट ऐकू येत नाही. म्हणून ती एप्रिलमध्ये माझ्याकडे आली. ही नोकरीही सोडायची का, एवढाच तिचा प्रश्न होता.

मी मायक्रोनीडलिंग सुचवलं. म्हणजे केसाहून बारीक सुयांनी कातडी उथळ टोचायची. शरीराला वाटतं जखम झाली, ते डागडुजीला लागतं आणि त्या डागडुजीत खड्डे थोडे भरून येतात. थोडे. सिटिंगनंतर चेहरा लालबुंद होतो. ती लाली लवकर उतरावी म्हणून मी लगेच लाल एलईडीचा लाईट देते. पॅनेल चेहऱ्यासमोर धरायचं आणि पेशंटने डोळे झाकून पडून राहायचं. तो नुसता उजेड असतो. कातडी काळी करणारे उन्हातले किरण त्यात नसतात. तो मदत करतो, चमत्कार करत नाही. हे वाक्य मी रोज बोलते आणि रोज कोणीतरी ते कानाआड करतं.

पहिल्या सिटिंगला सिद्रामप्पा आत येऊन उभे राहिले. गिऱ्हाईक कापड चाचपतं तसे मशीनकडे निरखून बघत होते. हा लाईट म्हणजे औषधच का, लालच का, जास्त दिला तर जास्त गुण येतो का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. मी उत्तरं दिली. लाल उजेड कातडीत जरा खोल जातो, असंही सांगितलं. आता वाटतं, तिथे तोंड मिटून बसले असते तर बरं झालं असतं.

निघताना नेहमीच्या सूचना दिल्या. उन्हात जायचं नाही, सनस्क्रीन चुकवायचं नाही, हळद-साय-कोरफड काही लावायचं नाही, आणि लाईटसाठी पुन्हा यायचं. आई, बाप, लेक, तिघांनीही मान हलवली. पण ते पुन्हा आले नाहीत. सिस्टरने फोन केला तर सिद्रामप्पा म्हणाले, ऊन लई हाय, तुमीच नको म्हणालाय, म्हणून पोरीला आनत न्हाय. सिस्टरने त्यांना शाबासकी दिली. असा आज्ञाधारक बाप विरळा, असं मलाही सांगितलं.

त्या आज्ञाधारक बापाने काय केलं होतं ते आता एकेक करून बाहेर येत होतं. उन्हातून क्लिनिकला आणायचं नाही, पण लाईट तर चुकवायचा नाही. मग लाईट घरीच द्यायचा. मंद्रूपला मे महिन्यात उजेडाला काय तोटा! गच्चीवर खाट टाकली, चार बांबू बांधले, वरून दुकानातली लाल चादर ताणली. जाड चादरीतून उजेड पुरेसा येईना, म्हणून ती काढून पातळ विणीची घातली. खाली मुलगी उताणी. शेजारी तिच्या आईचे पापड वाळत होते.

“रंग पक्का हाय मॅडम, उतरला न्हाय,” त्यांनी मला खात्री दिली.

“आणि सनस्क्रीन?”

“ते पुसून घेत होतो. नाहीतर उजेड आत कसा जाणार?”

इथे माझा आवाज चढला. बाहेर वेटिंगमध्ये बसलेली माणसं गप्प झाली, एवढा चढला. मी म्हटलं, अप्पा, तुमची चादर ऊन लाल करते, ऊन थांबवत नाही. नुकती टोचलेली कातडी उघड्या दारासारखी असते आणि तुम्ही सोलापूरचं ऊन पाहुण्यासारखं आत घेतलंत. टोचल्यावर ऊन लागलं की आपल्या रंगाची कातडी काळी पडते, हे मी कितीदा सांगितलं होतं! त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग हळूच विचारलं, “आता अंधारात बसवू का?”

“घरात माणसासारखी बसू द्या तिला,” मी म्हटलं.

मग मी सुवर्णाकडे वळले. बापाचं एक समजलं, पण ही तर विज्ञान शिकवणार होती. प्रकाशाचा धडा तिच्याच पुस्तकात. मी तिला विचारलं, तुलाही कळू नये?

 ती सिद्रामप्पांना बाहेर बसायला सांगून म्हणाली, “कळत होतं, मॅडम. पण अप्पा एवढ्या हौसेनं बांबू बांधत होते. कॉलेजपासून ते माझ्या तोंडाकडं बघायचेच नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. त्या चादरीखाली मात्र सारखं वाकून बघायचे, काय फरक पडला का म्हणून. मला नको म्हणवलं नाही.”

 राग आला होता तो अर्धाच राहिला आणि तसा राहिलेला राग मला पचत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही रागच आला. मी प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं. कातडी शांत करायचं क्रीम, मग डागांचं क्रीम, सनस्क्रीन दिवसातून अनेकदा. सुया बंद. लाईटही बंद, कारण या घरात लाईट हा शब्दच आता मला ऐकायचा नव्हता.

“जूनपर्यंत जातील डाग?”

“नाही. दिवाळी उजाडेल.”

तिने पर्समधून मास्क काढला आणि कानाला अडकवला. म्हणाली, मग शाळेला नाही म्हणून कळवते. मी तिला मास्क काढायला लावला. घाम आणि घासणं, दोन्हींनी डाग आणखी गडद होतात, ते बरे होईपर्यंत मास्क बंद, स्कार्फ बंद. मी तिला धीर वगैरे देत नव्हते. हे खरोखर औषधाचं सांगणं होतं आणि मी अजून चिडलेलीच होते. ती म्हणाली, मग वर्गात कशी जाऊ? मी म्हटलं, पायांनी.

जूनच्या शेवटी ती तपासणीला आली, मास्कशिवाय. डाग जागेवरच होते. खड्डेही. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं. पहिल्याच तासाला पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मॅडम, तोंडाला काय झालं? सुवर्णाने खोटं काही सांगायच्या ऐवजी सगळं सांगितलं. गच्ची, बांबू, चादर, पापड. मग फळ्यावर चित्र काढलं. कापडातून काय पार होतं, काय अडतं, लाल दिसलं म्हणजे ऊन का संपत नाही. वर्गात वाद झाला, काळी चादर घेतली असती तर बरं की वाईट. तास कधी संपला कळलं नाही.

“माझ्या तोंडाला कुणी हसलं नाही, मॅडम. अप्पांना हसले.”

“अप्पांना सांगितलंस?”

“सांगितलं की. तेही हसले. जेवताना माझ्या समोरच बसले होते.”

या प्रकरणातून मी एक शिकले. पेशंटला काय करू नका, हे सांगून भागत नाही. घरी जाऊन तुम्ही काय करणार आहात, ते मी आता त्यांच्याच तोंडून वदवून घेते. उत्तरं ऐकून डोकं धरायची वेळ येते, पण निदान आधी येते. मागच्या आठवड्यात एका काकूंना चादरीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, चादर ओली करून घेतली तर चालेल का?

सुवर्णाचे डाग दिवाळीच्या सुमाराला बरेचसे गेले. कातडी पुन्हा सुया सोसेल अशी झाली. खड्डे आहेत तसे आहेत. मी सिस्टरला फोन करायला लावला की दुसरी सिटिंग घेऊ, थंडी आहे, उन्हाची भीती कमी. तिचं उत्तर आलं, सहामाहीनंतरचा पोर्शन राहिलाय, सुट्टीत बघू. सुया तयार, लाईट तयार, डॉक्टर तयार, आणि पेशंटला चेहऱ्यासाठी सवड नाही. आता हिला काय बोलावं!