वर वाचनालय, खाली रेस

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रोजचं वर्तमानपत्र वाचून कोपऱ्यात टाकावं आणि एक दिवस बघावं तर गठ्ठा छातीला लागलेला, तसंच त्यांचं होतं. हुबळीतल्या आमच्या वाचनालयात पुस्तकं आहेत एकशे चाळीस. किस्से त्याहून जास्त झालेत. आणि त्यातला एकही पुस्तकांचा नाही, सगळे घोड्यांचे!

मी काशीला शिकून परत आलो तो एकच ध्यास घेऊन. गावाला वाचायला लावायचं! अण्णासाहेब वकिलांनी दाजीबानपेठेतली आपली माडी एका वर्षासाठी दिली.

"वर्षानं येऊन बघेन," ते म्हणाले. "माणसं वाचताना दिसली तर खोली कायमची तुमची. नाही तर मिरचीच्या व्यापाऱ्याला देतो. आणि जुगार दिसला, तर त्याच दिवशी कुलूप!"

घरी वडिलांशीही बोलणं झालं. खोली गेली तर मी हा नाद सोडायचा आणि निमूट पुण्याला जाऊन वकिली शिकायची.

पहिले तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथा दिवस शनिवार. दार उघडायच्या आधीच जिन्यावर दहा-बारा माणसं उभी! मी घाईघाईनं कुलूप काढलं. दुपारच्या गाडीनं मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र आलं तसे सगळे एकदम पुढं सरकले. मी अग्रलेखाचं पान उलगडायला लागलो.

"ते ऱ्हाऊ दे मास्तर," जिनिंग कारखान्यातला फिटर गुरप्पा म्हणाला. "मागचं पान काढा. पुण्याच्या रेसचं!"

माडीखाली व्यंकण्णाचं कापडाचं दुकान. तिथं पैसे गोळा व्हायचे आणि पुण्याला तार जायची. वर वाचन, खाली रेस. आता जुगार माझ्या खोलीत होता की नव्हता? मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

गुरप्पाला मराठी वाचता येतं, कन्नड वाचता येतं, इंग्रजी मात्र नाही. म्हणून घोड्यांची नावं मी मोठ्यानं वाचायची असं ठरलं. म्हटलं, निदान यांना ऐकायची सवय तरी लागेल.

पाचव्या नावाला मी अडखळलो. बेल एस्... एस्पे... एस्पेराँस! फ्रेंच नाव, काशीत कोण शिकवणार?

संध्याकाळी तार आली. तोच घोडा पहिला!

पुढच्या शनिवारी माडीवर चाळीस माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी आठवडाभर उच्चारांचा सराव केला होता. सगळी नावं घडाघडा वाचली. कुणी पैसे लावायला खाली जाईना. शेवटी गुरप्पा काळजीनं जवळ आला.

"एनु मास्तर, तब्येत बरी नाही काय? आज एकदाही अडखळला नाहीत!"

*

कचेरीतले नाना कुलकर्णी म्हणजे या मंडळींतले जाणते. बारा वर्षं रेस खेळलेले. कुठल्या घोड्याची आई कोण, आजा कोण, सगळं घरच्या सोयरिकीसारखं तोंडपाठ. पण रेस स्वतः कधी बघितलेली नाही. एकदा ते रजा काढून मुद्दाम पुण्याला गेले. परत आले त्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय बघितलंत नाना?"

नाना टोपी काढून बसले. मग म्हणाले, "पुढच्या माणसांच्या पाठी बघितल्या. घोडे लांबून आले, लांबून गेले. कुठला कुठला, काय कळतंय? पेपरात जास्त चांगलं दिसतं हो!"

तेव्हापासून पुण्याला जायचं कुणी नाव काढलेलं नाही.

*

एकदा बातमी आली, स्टेशनवरच्या एका टांग्याला रेसमधून काढलेला घोडा जुंपलाय. सगळी माडी स्टेशनवर! नानांनी पेपरात वाचलेला कपाळावरचा पांढरा टिळा बघून घोडा ओळखला आणि व्यंकण्णाचा चेहराच बदलला. याच घोड्यावर त्यानं तीन वर्षं पैसे लावले होते, आणि हा एकदाही पहिला आला नव्हता.

तेवढ्यात गाडी आली. टांग्यात दोन जाडजूड पाहुणे बसले, वर दोन ट्रंका. घोडा जो सुटला, तो पुढचे चार टांगे मागं टाकून गेला!

व्यंकण्णा भर रस्त्यात उभा राहून ओरडला, "लुच्च्या! इथं पळतोस होय! तिथं काय झालं होतं तुला?"

दुसऱ्या दिवसापासून व्यंकण्णा दुकानाला त्याच टांग्यातून यायला लागला. घर पेठेतच, चालत पाच मिनिटं! मी विचारलं तर म्हणाला, "माझे पैसे आहेत की त्याच्यात!"

*

शेवटी माझ्यानं राहवेना. मी व्याख्यान ठेवलं, 'रेस आणि राष्ट्राचा ऱ्हास'.

माडी भरून लोक जिन्यावर. गुलाम देशातल्या माणसानं घोड्यावर पैसे लावावेत, याचा अर्थ काय होतो, हे मी तासभर सांगितलं. टेबलावर मुठी आपटल्या. समोरची मंडळी तल्लीन. नाना तर पेन्सिलीनं टिपून घेत होते! काहीतरी घडतंय असं वाटून मी आवाज आणखी चढवला.

शनिवारी संध्याकाळी व्यंकण्णा हार घेऊन वर आला.

"हा कशाला?"

"तुम्ही टेबलावर सात वेळा मूठ आपटलीत मास्तर. नानांनी मोजली. सात नंबर आला की!"

व्याख्यान फुकट गेलं की फळाला आलं? हार गळ्यात घेऊन मी तसाच बसून राहिलो.

*

वर्ष भरत आलं. अण्णासाहेबांनी बघायला येण्याचा रविवार कळवला. नेमका पुण्याचा सीझन संपलेला, मुंबईचा सुरू व्हायला अवकाश. पंधरा दिवस माडीवर चिटपाखरू नाही. वडिलांनी माझी ट्रंक झाडून ठेवली होती.

मी खाली दुकानात गेलो. व्यंकण्णा, नाना, गुरप्पा, तिघंही बसलेले.

"रविवारी येऊन बसाल का? नुसतं वाचायचं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग गुरप्पा म्हणाला, "येतो की! तुमच्यासाठी एवढं नाही करणार?"

आणि खरंच आले, चाळीसच्या चाळीस! प्रत्येकानं पुस्तक उघडलं. अण्णासाहेब मोटारीतून उतरून वर आले, सगळ्यांमधून फिरले आणि गुरप्पापाशी थांबले.

"काय वाचताय?"

"इटलीच्या स्वातंत्र्याचा इतिहास, साहेब."

"कसा वाटतोय?"

"सुरवातीला मागं पडले होते. पण अजून ऐंशी पानं आहेत. काही सांगता येत नाही!"

अण्णासाहेब हसले नाहीत. खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"खोली तुमची," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी आनंदानं वळलो. चाळीस चेहरे उतरलेले!

"काय झालं?"

गुरप्पा मान खाली घालून म्हणाला, "सीझन नव्हता मास्तर. नुसतं किती बसायचं? म्हणून मग खोली राहते की जाते, यावरच लावले."

"आणि तुम्ही सगळ्यांनी 'जाते' म्हणून लावले?"

"मन तुमच्यावर होतं मास्तर! आलो की नाही? वाचलं की नाही? पैसे तेवढे वकीलसाहेबांवर होते."

"मग 'राहते' म्हणून कुणी लावले?"

"एकच माणूस," व्यंकण्णा म्हणाला. "कोण ते माहीत नाही. काल एका कारकुनाच्या हाती पाठवले होते. रक्कम बघून आम्ही हसलो. म्हटलं, आहे कुणीतरी भोळा!"

मी खिडकीतून खाली बघितलं. अण्णासाहेब मोटारीत बसले होते. इंजिन सुरू होतं, पण मोटार हलत नव्हती. त्यांचा कारकून व्यंकण्णाच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता, मांडीवर रुमाल पसरून.